एसटी नीट बघू या

मित्रांनो, एसटी आपण रोज बघतो, पण नीट बघत नाही. मी मामाच्या मोबाइलवर नांदेड आणि लातूरच्या स्टँडवर एसटीचे फोटो काढले. ते खाली चिकटवले आहेत.

आधी नंबर वाचा. एमएच २६ म्हणजे नांदेड, एमएच २४ म्हणजे लातूर. पण बऱ्याच एसटींवर एमएच २० दिसतो. का बरं? कारण त्यांची बॉडी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा कार्यशाळेत बांधलेली असते.

पहिली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) अशी धावली. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानात १९३२ सालीच २७ सरकारी बसगाड्या सुरू झाल्या होत्या. त्यांतली एक अल्बियन बस हैदराबादला जपून ठेवली आहे, म्हणून ती कशी होती ते कळते. आपल्या जुन्या एसटी मात्र भंगारात जातात. मग फोटोच उरतो.

पालकांनो, घरातल्या लग्नाच्या किंवा जत्रेच्या जुन्या फोटोत कुठे एसटी उभी दिसली, तर तो शाळेत दाखवायला आणा. गाव आणि साल आठवत असेल तर तेही सांगा. आम्ही वहीत लिहून ठेवू.