वैनगंगेकाठचा शिपाई आणि दुसरे महायुद्ध

तिरोडा आज गोंदिया जिल्ह्यात आहे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भंडारा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताचा भाग होता. धानाची शेती, तलाव आणि बोड्या यांच्या या मुलखातून नागपूरकडे जाणारी रेल्वे कामठीच्या लष्करी छावणीवरून जाते. रोवणी आटोपून गाडीत बसलेला तरुण त्याच दिवशी छावणीच्या दारी पोहोचू शके, ही गोष्ट या भागाच्या सैनिकी इतिहासात लहान नाही.

महायुद्धात बहुतेक देशांनी आपले पायदळ सक्तीच्या भरतीने उभे केले. ब्रिटनने १९३९ मध्ये आणि अमेरिकेने १९४० मध्ये तसे कायदे केले. जपानमध्ये सक्तीची सैनिकी सेवा पूर्वीपासूनच होती. हिंदुस्थानात मात्र १९४० चा राष्ट्रीय सेवेचा कायदा येथील युरोपियन ब्रिटिश प्रजाजनांपुरताच होता. भारतीय तरुणास कायद्याने कोणी बोलावले नाही. तरीही १९३९ साली सुमारे २ लाख असलेले सैन्य १९४५ पर्यंत २५ लाखांच्या आसपास गेले. स्वेच्छेने भरती झालेले एवढे मोठे सैन्य जगाने तोवर पाहिले नव्हते.

या 'स्वेच्छे'चा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. युद्धारंभी पायदळाच्या शिपायाचे मूळ वेतन दरमहा १६ रुपये होते. शिधा आणि कपडे सरकारी. ही रक्कम मोठी नव्हती, परंतु ती ठरलेल्या दिवशी रोख मिळत असे व मनीऑर्डरने घरी पाठविता येत असे. पावसावर आणि मालगुजाराच्या मर्जीवर जगणाऱ्या कुटुंबास तिचे मोल निराळेच होते. कायद्याची सक्ती नसली, तरी पोटाची होतीच.

काही समाजांच्या दृष्टीने भरती हा केवळ पोटाचा प्रश्न नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात पिढ्यान्‌पिढ्या सेवा केलेल्या महार समाजाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सैन्याचे दार बंद करण्यात आले. ते उघडावे म्हणून गोपाळबाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. हा अनुभव ताजा असतानाही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४१ मध्ये तरुणांना सैन्यात जाण्याचे आवाहन केले आणि स्वतंत्र रेजिमेंटचा आग्रह धरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी १९४२ मध्ये कामठीस उभारण्यात आली. म्हणजे वैनगंगाकाठच्या तरुणाच्या जवळजवळ दारातच.

भरती झालेल्या शिपायाला प्रथम भाषेशी झगडावे लागे. सैन्यात रोमन लिपीतील उर्दू चालत असे. गावच्या शाळेत बालबोध गिरवलेल्या मुलाला नवी लिपी आणि नवी बोली एकाच वेळी शिकावी लागे. भात खाऊन वाढलेल्याच्या ताटात रोटी येई. युद्धाच्या आरंभीच्या पराभवानंतर आणखी एक धडा वाढला. जंगलात कसे लढावे हे न शिकविता शिपाई ब्रह्मदेशात पाठविले गेले होते व त्याची किंमत मोजावी लागली. म्हणून १९४३ पासून रेजिमेंटच्या केंद्रातील सुमारे नऊ महिन्यांच्या शिक्षणानंतर दोन महिन्यांचे जंगल-युद्धाचे शिक्षण देण्यात येऊ लागले. त्यासाठी निवडलेल्या दोन डिव्हिजनांपैकी एक, १४ वी, छिंदवाडा येथे होती. सातपुड्याच्या रानात वाढलेल्या मुलांना या धड्यातील काही भाग आधीच येत असला पाहिजे.

ब्रह्मदेशच्या आघाडीवर गोळीपेक्षा आजाराने अधिक माणसे खाली आणली. १९४३ मध्ये जखमी होऊन मागे पाठविलेल्या प्रत्येक सैनिकामागे सुमारे १२० जण आजारी म्हणून पाठवावे लागत, अशी नोंद जनरल स्लिम यांनी केली आहे. जावा बेट जपानच्या हाती गेल्याने क्विनीन दुर्मिळ झाले होते. मेपॅक्रिनच्या गोळ्या रोज अधिकाऱ्यासमोर गिळण्याची शिस्त लागली, तेव्हा कोठे चित्र पालटले.

सैनिकी सेवा म्हटली की यशवंत घाडगे यांच्यासारखे पराक्रम डोळ्यांसमोर येतात. माणगाव तालुक्यातील या नाईकास १० जुलै १९४४ रोजी इटलीत वीरमरण आले व मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण बहुसंख्य शिपायांची सेवा याहून निराळी होती. महार रेजिमेंटच्या पहिल्या व तिसऱ्या बटालियनने वायव्य सरहद्द सांभाळली; २५ वी अंतर्गत सुरक्षेच्या कामावर होती; दुसरी ब्रह्मदेशच्या आघाडीवर व युद्धानंतर इराकमध्येही गेली. पहारा, कूच, ताप आणि घरच्या पत्राची वाट, यांतच या शिपायांची वर्षे गेली. ती काही कमी सेवा नव्हे.

युद्ध संपताच फौज घटविण्यात आली. निवृत्तिवेतनास १५ वर्षांची सेवा लागे. युद्धापुरते घेतलेले शिपाई चार-पाच वर्षांतच घरी परतले. त्यांच्याजवळ उरले ते सेवामुक्तीचे कागद आणि पदके. पुढे महाराष्ट्र शासनाने अशा माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना मासिक अर्थसाहाय्य सुरू केले. त्यासाठीही जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास हेच कागद पाहावे लागतात. पत्र्याच्या पेटीत कसर लागलेल्या त्या पुस्तिकेचे महत्त्व घरातील नव्या पिढीस बहुधा ठाऊक नसते.

शिक्षकांना व पंचायत सदस्यांना या कामी पदकांचाही आधार घेता येईल. 'बर्मा स्टार' असेल, तर तो सैनिक ब्रह्मदेशच्या आघाडीशी संबंधित होता, असे धरण्यास हरकत नाही. 'इंडिया सर्व्हिस मेडल' असेल, तर त्याने देशातच तीन वर्षे सेवा केलेली असते. जे परतले नाहीत व ज्यांची थडगीही सापडली नाहीत, अशा सुमारे २७,००० जणांची नावे रंगूनजवळील टॉकच्यान येथील स्मारकावर कोरलेली आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवह्यांत भारतीय सैनिकाच्या नावापुढे अनेकदा पित्याचे नाव, गाव व जिल्हा आढळतो. शोध घेताना 'गोंदिया' पाहून उपयोग नाही. जिल्हा भंडारा धरावा आणि गावाचे नाव इंग्रजी वळणाने 'तिरोरा' असे लिहिलेले असण्याची शक्यता ध्यानात ठेवावी.