कुत्र्याची फिर्याद

उज्जैन

चि. मनूस,

सिव्हिल जजच्या परीक्षेत तू निवडली गेलीस, आता जबलपूरच्या न्यायिक अकादमीत प्रशिक्षण सुरू होईल. कायदा तिथले लोक शिकवतीलच, त्यात वकिलीचा गंध नसलेल्या काकाने तोंड घालू नये. पण न्यायालय खालून कसं दिसतं हा विषय कुठल्या अभ्यासक्रमात नसतो, आणि त्या बाबतीत आपल्या वाङ्मयात एक फार जुना, निबर साक्षीदार आहे: रस्त्यावरचा कुत्रा. उज्जैनमध्ये बसून हे लिहायला मला संकोच वाटत नाही. इथे भैरवगडाला काळभैरवाचं देऊळ आहे आणि त्याच भैरवगडाला मध्यवर्ती तुरुंगही आहे. भैरव म्हणजे क्षेत्राचा कोतवाल, त्याचं वाहन कुत्रा. शिवाय हा कोतवाल ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक उडवल्याबद्दल कवटी हातात घेऊन भीक मागत फिरलेला, म्हणजे स्वतः शिक्षा भोगून आलेला. ज्यांनी ही जोडी जमवली त्यांना न्यायाबद्दल काहीतरी नक्की उमगलं होतं.

महाभारताच्या आदिपर्वात कुरुक्षेत्रावर जनमेजयाचं सत्र चालू असताना एक पिल्लू तिथे येतं आणि राजाचे भाऊ त्याला बडवतात. त्याची आई सरमा येऊन जे विचारते त्यात गयावया नाही. याने हवि चाटलं नाही, त्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मग मारलंत कशासाठी? म्हणजे आरोप काय ते सांगा. कोणी तोंड उघडत नाही. शापवाणी निघते ती या गप्प बसण्यानंतर. मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे की, कुत्रा माणसाच्या न्यायाकडे दया मागत नाही, उत्तर मागतो. ज्याला सगळ्यात कमी किंमत आहे त्याच्या प्रश्नाला कारणासकट उत्तर द्यायला बांधील असणं, यातून न्यायालय उभं राहतं. बाकी सगळं, दंडाचे आकडे धरून, त्यानंतर येतं.

रामायणाच्या उत्तरकांडातला कुत्रा याच्याही पुढे जातो. (बडोद्याच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा प्रक्षिप्त म्हणून बाजूला काढली. ज्याने ती घुसवली तो मात्र हुशार माणूस असला पाहिजे.) डोकं फुटलेला कुत्रा रामाच्या दाराशी उभा राहतो आणि बोलावल्याशिवाय आत यायला तयार नसतो. आरोपी सर्वार्थसिद्ध नावाचा भिक्षेकरी ब्राह्मण. तो सरळ कबूल करतो की भूक लागली होती, कुत्रा रस्त्यात बसला होता, हटकूनही हलला नाही, राग आला, मारलं. गुन्हा सिद्ध झाला, पण दरबार इथेच अडतो, कारण ब्राह्मणाला दंड करता येत नाही असं शास्त्र जाणणारे सांगतात. तेव्हा शिक्षा फिर्यादीच सुचवतो: याला कालंजरला कुलपती करा. हत्तीवर बसवून त्याची रवानगी होते, लोक चक्रावतात. कुत्रा खुलासा करतो की मागच्या जन्मी मी त्याच पदावर होतो, जपून वागलो, तरी ही गत झाली. हा तर मुळातच तापट. ज्याच्या हातात काठी असताना ताबा सुटला त्याच्या हातात सत्ता दिली तर काय होईल, हे त्या कुत्र्याने बरोबर ओळखलं. पण त्याचा निकाल मला मान्य नाही. कालंजरच्या शिष्यांनी काय पाप केलं होतं? बदनाम अधिकाऱ्याला लांबच्या गरीब जिल्ह्यात बदलीवर धाडणारं सरकार हेच करतं: शिक्षा एकाची, भोग दुसऱ्यांचे. तेव्हा कुत्र्याचं निदान घे, औषध घेऊ नकोस.

शास्त्राचा हाच अडसर आपल्या गावच्या खटल्यातही आहे. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ उज्जयिनीत घडतं. देवलांच्या मराठी नाटकामुळे आपल्या घरांना वसंतसेना ठाऊक आहे, पण नवव्या अंकातला न्यायाधीश कोणाला आठवत नाही. माणूस वाईट नाही. राजाचा मेहुणा शकार चारुदत्ताने वसंतसेनेला मारल्याची फिर्याद घेऊन येतो तेव्हा आज सुनावणी नाही असं तो आधी कळवतो. शकार त्याची नोकरी घालवण्याची धमकी देतो आणि सुनावणी त्याच दिवशी लागते. चारुदत्त असं करणार नाही याची न्यायाधीशाला मनातून खात्री आहे. मग नगररक्षक वीरक घोड्यावरून बागेत जाऊन येतो आणि एका बाईचं प्रेत श्वापदं ओढताहेत असं सांगतो. ती बाई कोण, हे कोणी पुन्हा पाहत नाही. एखादा कुत्रा नेला असता तर हुंगून त्याने सांगितलं असतं की ही वसंतसेना नव्हे. शेवटी न्यायाधीश स्मृतिकार मनूचा आधार घेऊन वध नको, हद्दपारी करा, असं सुचवतो आणि राजा पालक सुळाचा हुकूम देतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मूर्ख न्यायावर आहे असं आपण धरतो. उज्जयिनीत ती भ्यालेल्या न्यायावर लागू पडते. शकाराला उत्तर मिळालं, कारण त्याची ओळख होती. त्या अनोळखी प्रेताबद्दल कोणी प्रश्नच विचारला नाही.

तू म्हणशील, काका, कुत्रा इतका शहाणा असता तर गल्लीतून जाणाऱ्या कचरा वेचणाऱ्यावर का भुंकतो आणि मोटारवाल्यापुढे शेपूट का हलवतो? आक्षेप रास्त आहे. त्याच नाटकातला घरफोड्या शर्विलक आपल्या हुन्नराचं वर्णन करताना झोपलेला कोण आणि जागा कोण हे हेरण्यात मी कुत्रा आहे, अशी फुशारकी मारतो, म्हणजे हे नाक कायद्याच्या बाजूचं आहे असंही नाही. कुत्रा अनोळखी माणसावर भुंकतो, गुन्हेगारावर नव्हे. माणसांनी हेच भुंकणं १८७१ साली कायद्यात घातलं आणि पारध्यांसारख्या जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा जायला १९५२ उजाडलं. अजूनही चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर धाड पडते, हे तुला कोर्टात बसल्यावर कळेलच. म्हणून सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा अब्दुल रजाक मुर्तजा दफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल मुद्दाम वाच. पोलिसी कुत्र्याने माग काढला, त्या पुराव्याचं काय करायचं? त्यावरचे आक्षेप न्यायालयाने नोंदवले आहेत: कुत्रा साक्षीच्या पिंजऱ्यात शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने सांभाळणारा बोलतो ती ऐकीव गोष्ट, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगून ठेवू नये. अशा पुराव्याला फारसं वजन देता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. सरमेच्या प्रश्नाशी हे विसंगत वाटतं का? मला नाही वाटत. भुंकणं हे चौकशीचं कारण होऊ शकतं, निकालाचं नाही. ज्याच्यावर भुंकलं गेलं त्यालाही ‘कशासाठी?’ विचारायचा तितकाच हक्क आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. कुत्र्यांच्या कथा बसून लिहायला सोप्या, ज्याच्या मुलाचा लचका तोडला त्याला विचारा. खरंच आहे. सरकारी आकड्यांनुसार २०२४ साली देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या, आणि रेबीज एकदा दिसू लागला की जवळपास कोणी वाचत नाही. त्या बापाला प्राणिप्रेमावरचं व्याख्यान देणं म्हणजे त्यालाही उत्तर नाकारणं. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये काय घडलं ते पाहा. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असा आदेश दिला. २२ तारखेला मोठ्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री मूळ जागी सोडा, पिसाळलेली किंवा आक्रमक असतील ती सोडू नका. पहिल्या आदेशात जात दोषी होती, दुसऱ्यात एकेका कुत्र्याची तपासणी आली. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, स्थानकं यांच्या आवारातून काढलेली कुत्री परत तिथे सोडू नका, असं सांगितलं गेलं. तिथे मला बापाची बाजू जड वाटते, कारण शाळेच्या फाटकात मुलाला पळायला जागा नसते. उलट बाजूला, विनाकारण काठी घालणाऱ्याला १९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. सर्वार्थसिद्धाला कोणी हात लावू शकत नव्हतं. आज तो पन्नासची नोट ठेवून निघून जाईल.

असे खटले तुझ्यासमोर क्वचित येतील, आणि आले की बार रूममध्ये हशा पिकेल. तू हसू नकोस. निकाल कोणाच्याही बाजूने जावो, कारण पूर्ण लिही, आणि फिर्यादीला वाचून समजेल अशा सोप्या हिंदीत लिही. जबलपूरचा पत्ता कळव, मृच्छकटिकाची प्रत पाठवतो. नववा अंक आधी वाच.

तुझा,
काका