कुत्र्याला मासळी द्या, पण शिजवून

१९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात चॅस्टेक यांच्या पशुपालन केंद्रावर एक विचित्र रोग पसरला. केसाळ कातड्यासाठी पाळलेल्या खोकडांची भूक मंदावे, चाल ताठर होई, झटके येत आणि अखेर मृत्यू ओढवे. अन्न तर पोटभर मिळत होते. मग उणीव कशाची होती?

त्या अन्नात कच्चे कार्प मासे मिसळलेले असत. या माशांत थायमिनेज नावाचे विकर असते. ते थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व, मोडून टाकते. केवळ माशातलेच नव्हे, तर सोबतच्या अन्नातलेही! थायमिनवाचून शरीराला पिष्टमय पदार्थांपासून पुरेशी ऊर्जा मिळवता येत नाही. त्याची झळ मेंदूला व मज्जातंतूंना विशेष लागते.

कुत्रा हा खोकडाच्याच कुळातला. म्हणून त्याला मासळी शिजवूनच द्यावी. उष्णतेने थोडे थायमिनही नष्ट होते हे खरे. परंतु विकर हे प्रथिन आहे. उकळताना अंड्याचा पांढरा भाग जसा कायमचा बदलतो, तशीच विकराचीही रचना बिघडते व ते निष्क्रिय होते. शिवाय मासळीतील कृमीही मरतात.

काटे मात्र शिजवूनही घशात रुततात, ते काढावेत. कोळंबी सोलून द्यावी. कालवण देऊ नये, कारण कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींना घातक असतात. खारवलेल्या सुक्या मासळीत मीठ फार असते. तेव्हा मीठमसाल्याविना उकडलेले तुकडेच द्यावेत. असा खाऊ दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावा.