चाळिसाव्या क्रमांकाचा तेजोमेघ

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या दिव्यांनी रात्रीचे आकाश फिकट होते. ठळक तारे तेवढे दिसतात, मंद तारे हरवतात. म्हणूनच मुंबईच्या खगोल मंडळाचे सभासद रात्रभर आकाश पाहण्यासाठी बदलापूरच्या पुढील वांगणी येथे जमत आले आहेत.

एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास उत्तरेस सप्तर्षी उंच आलेले असतात. त्यांतील वसिष्ठाजवळची अरुंधती नववधूस दाखविण्याची चाल जुनी आहे. त्या दोहोंत सुमारे १२ कलांचे अंतर असल्यामुळे ती नुसत्या डोळ्यांनी वेगळी दिसतात. सप्तर्षींतील सर्वांत मंद तारा जो अत्री, त्याच्या जवळ आणखी एक जोडी आहे. तिच्यातील अंतर अवघे ५० विकला, म्हणजे एक कलाही नव्हे. आणि दुर्बिणीवाचून ती दिसतच नाही.

या जोडीची हकिकत मौजेची आहे. आकाशाच्या या भागात एक तेजोमेघ असल्याचे डान्झिगचा ज्योतिषी हेवेलियस याने सतराव्या शतकात नोंदविले होते. १७६४ साली पॅरिसचा शार्ल मेसिये तो शोधू लागला. मेसियेचा ध्यास धूमकेतूंचा. दूरचा धूमकेतू दुर्बिणीत अंधुक ठिपक्यासारखा दिसतो आणि तेजोमेघही तसाच. तेव्हा फसगत होऊ नये म्हणून तो अशा ठिपक्यांची यादी करीत होता. सांगितलेल्या जागी त्याला तेजोमेघ आढळला नाही, जवळजवळ असलेले दोन बारीक तारे आढळले. हेच हेवेलियसला तेजोमेघासारखे भासले असावेत, असा तर्क त्याने केला; परंतु ती जागा यादीतून गाळली नाही. तिला ४० वा क्रमांक दिला. शोधूनही जे सापडले नाही, त्याचीही नोंद ठेवणारे थोडेच! पुढे १८६३ साली विनेके या जर्मन ज्योतिर्विदाने ही जोडी पुन्हा पाहिली आणि तिची गणना जोडताऱ्यांत होऊ लागली.

पण ही खरी जोडी आहे काय? बदलापूरच्या गच्चीवरून पाहताना समोरच्या घराचा दिवा व मलंगगडावरचा दिवा एका रेषेत आले, तर ते शेजारी भासतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तसतसा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यापेक्षा अधिक सरकल्यासारखा दिसतो. हे सरकणे मोजले की अंतर कळते. युरोपच्या गाया या अंतराळयानाने केलेली अशी मोजमापे २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यांनुसार एक तारा सुमारे ४७० प्रकाशवर्षे दूर आहे, तर दुसरा सुमारे ११०० प्रकाशवर्षे. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आणि दोहोंत अधिक तेजस्वी दिसतो, तोच दूरचा आहे.