नेट नाही, तरी ग्रंथालय: सौर पेटीचे चार धडे



गेल्या हिवाळ्यात मी वाईजवळच्या एका वीटभट्टीवर गेले होते. भट्टीच्या कडेने कातकरी कुटुंबांची खोपटी उभी होती. पाचवीतली एक मुलगी थापलेल्या कच्च्या विटा वाळण्यासाठी उलट्या करून ठेवत होती. शाळेच्या पटावर तिचे नाव आहे. पण दिवाळी झाली की घरचे सगळे भट्टीवर येतात, ते पावसाच्या तोंडावरच वाडीवर परततात. मी तिला तिच्याच पुस्तकातला धडा वाचायला सांगितला. दोन ओळी तिने अडखळत वाचल्या आणि पुस्तक मिटून म्हणाली, "बाई, दिवाळीआधी येत होतं मला."

याच वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचे २० खंड आज इंटरनेटवर कोणालाही मोफत वाचता येतात. पसरणीचा घाट चढून वर गेले की भिलार लागते. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते आणि तिथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत. एवढे ज्ञान हाकेच्या अंतरावर असताना त्या मुलीच्या खोपटात काय होते? एक भिजून फुगलेले पाठ्यपुस्तक आणि रिचार्ज संपलेला एक मोबाइल.

इंटरनेट नसलेल्या ठिकाणी चालणाऱ्या, सूर्यावर चार्ज होणाऱ्या डिजिटल ग्रंथालयाची माहिती आपण या लेखात घेऊ. आमच्या अनुभवातून मिळालेले चार धडेही पाहू. त्यांतले दोन आम्ही चुका करून शिकलो.

ही पेटी म्हणजे काय?

पेटी जेवणाच्या डब्याएवढी असते. आत हाताच्या पंजात मावणारा एक छोटा संगणक असतो. 'रास्पबेरी पाय' नावाचा असा स्वस्त संगणक २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीला आला आणि अशा पेट्या बनवणे सोपे झाले. संगणकात नखाएवढे मेमरी कार्ड असते, त्यावर हजारो पुस्तके, चित्रे, ध्वनिफिती आणि छोटे चित्रपट मावतात. सोबत एक बॅटरी आणि एक सौर पॅनेल. पेटी सुरू केली की ती आपल्याभोवती वायफाय पसरवते. हे वायफाय इंटरनेटला जोडलेले नसते, त्यामुळे फक्त पेटीतलेच उघडते. जवळ बसलेल्या कोणाच्याही मोबाइलवर ते दिसते आणि त्याला रिचार्ज लागत नाही. जाहिराती नसतात, नको ते चित्र अचानक समोर येत नाही. आईबापांना ही गोष्ट फार आवडते.

अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या 'सोलरस्पेल' उपक्रमाने अशा पेट्या प्रशांत महासागरातील बेटांवर नेल्या. 'किविक्स' नावाच्या मोफत प्रणालीमुळे आख्खा विकिपीडिया उतरवून नेटशिवाय वाचता येतो. मराठी विकिपीडियाही तसा वाचता येतो.

कल्पना मात्र जुनी आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभारली. खेड्यांसाठी लाकडी पेट्यांतून पुस्तके फिरू लागली, त्याचा खर्च संस्थान करत असे. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी काचेवरची चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवण्याची सोय होती. आजची पेटी ही त्या लाकडी पेटीची नात म्हणायला हरकत नाही.

पहिला धडा: आधी आभाळ पाहा

आमची पहिली पेटी आम्ही कोयनेच्या जलाशयापलीकडच्या एका वाडीवर ठेवली. कोयना प्रकल्पाची वीजनिर्मितीची क्षमता १,९६० मेगावॅट आहे, पण त्याच पाण्याच्या काठावरच्या कित्येक वाड्यांत वीज टिकत नाही आणि मोबाइलला रेंज नाही. जुलैचा महिना होता. चौथ्या दिवशी पेटी बंद पडली.

कारण साध्या गणितात होते. पेटीला साधारण ५ वॅट लागतात, म्हणजे सहा तास चालवायला ३० वॅट-तास. २० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात, गळती धरून, दिवसाला ५० वॅट-तासांच्या आसपास देते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात तेच १० वर येते. बॅटरीतून रोज २० ची तूट भरून निघत होती आणि बॅटरीत वापरण्याजोगे होते जेमतेम ६०. तीन दिवसांत ती रिकामी झाली. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर जतला पाचशेच्या आसपास. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला पॅनेल मोठे हवे किंवा पावसाळ्यात वापराचे तास कमी हवेत. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडे, ऊन मुबलक आहे. तिथे पॅनेलवरची धूळ आठवड्याला पुसावी लागते आणि पेटी सावलीत ठेवावी लागते, कारण उष्णतेने बॅटरी लवकर खराब होते.

अजून एक गोष्ट. साधा मोबाइल एकदा पूर्ण चार्ज करायला सुमारे १५ वॅट-तास जातात. दोन मोबाइल लावले की पेटीचा दिवसभराचा वाटा संपला. मोबाइलसाठी वेगळे पॅनेल द्या. 'नाही' म्हणत बसलो तर माणसे दुरावतात.

दुसरा धडा: पेटीत कोणाची भाषा आहे?

आमची दुसरी चूक याहून मोठी होती. पहिल्या पेटीत आम्ही जे सहज मिळाले ते भरले. त्यातले बरेचसे इंग्रजी होते. मुलांनी दोन दिवस चित्रे पाहिली आणि उठून गेली. एक आजी मात्र शेवटपर्यंत बसून होत्या. त्या म्हणाल्या, "बाई, यात आमच्यावानी कुणीच बोलत न्हाई."

भट्टीवर नेलेली दुसरी पेटी आम्ही निराळी भरली. इयत्तावार बालभारतीची पुस्तके घेतली. 'स्टोरीवीव्हर'वरच्या मराठी चित्रकथा घेतल्या, त्यांच्या खुल्या परवान्यामुळे त्या वाटायला मोकळ्या आहेत. अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंतून खेळणी बनवण्याची पुस्तके आणि चित्रफिती घेतल्या. विश्वकोशाचे किंवा इतर कोणाचेही साहित्य पेटीत भरायचे असेल, तर नेटवर मोफत वाचता येते एवढ्यावर जाऊ नये, आधी रीतसर परवानगी घ्यावी. आपले काम चांगले आहे म्हणून दुसऱ्याच्या कामावर आपला हक्क होत नाही.

आणि पेटीत आम्ही माणसे घेतली. कातकरी बोलीला स्वतःची लिपी नाही, ती ऐकूनच शिकली जाते. म्हाताऱ्यांच्या गोष्टी, रानभाज्यांची नावे, मासे धरण्याच्या रीती आम्ही त्यांना विचारून मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. शेकोटीजवळ पहिल्यांदा त्यांच्याच आवाजातली गोष्ट लागली, तेव्हा खोपटांतून माणसे बाहेर आली. त्या रात्री ज्यांना अक्षर येत नाही तेही ग्रंथालयाचे सभासद झाले.

तिसरा धडा: पेटी माणसांबरोबर गेली पाहिजे

कातकरी समाज हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित तीन आदिवासी गटांपैकी एक आहे. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. त्यांचे वर्ष दोन ठिकाणी विभागलेले असते. वाडीवरच्या शाळेत पेटी कुलपात ठेवली, तर सहा महिने ती उंदरांसाठी उघडी राहते. सांगलीकडे ऊसतोडीच्या टोळ्यांचेही तसेच आहे. फड बदलला की कोप्या बदलतात आणि मूल पुन्हा नव्या गावात परके होते. म्हणून पेटी हलकी हवी, पाठीवर नेता येईल अशी. निघताना भांड्यांबरोबर तीही बांधली जावी.

चौथा धडा: राखणदार त्यांच्यातलाच हवा

पेटी कोणाच्या हातात आहे, यावर सगळे अवलंबून आहे. ती आमच्या कार्यकर्त्याकडे होती, तेव्हा आम्ही आलो की ग्रंथालय उघडायचे. आता ती दहावी झालेल्या एका कातकरी सुनेकडे आहे. संध्याकाळी सात ते नऊ ती पेटी सुरू करते. एका वहीत ती दोनच गोष्टी लिहिते: आज काय उघडले आणि कोणी काय मागितले पण मिळाले नाही. दुसरा रकाना आमच्यासाठी जास्त मोलाचा आहे. त्यात जातीच्या दाखल्याची कागदपत्रे, शेळीचे आजार, बाळाला ताप आला तर काय करावे, असे विषय आले. पुढच्या वेळी कार्डावर काय भरायचे, ते ही वही ठरवते.

पेटी काय करू शकत नाही

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे. पेटी भट्टीमालकाची उचल फेडत नाही. ती शिक्षकाची जागा घेत नाही आणि मुलीच्या हातातली वीट काढून घेत नाही. हंगामात तिचे नाव जवळच्या शाळेत घालण्यासाठी आम्हाला शाळेत खेटे घालावेच लागले. पेटीने एवढेच केले, की दिवाळीआधी जे येत होते ते शिमग्यानंतरही थोडे टिकले. त्या मुलीने मार्चमध्ये मला एक आख्खी चित्रकथा वाचून दाखवली. अडखळली, पण पुस्तक मिटले नाही.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाजवळ वर्षातले काही महिने येऊन राहणारी कुटुंबे कोणती? त्यांची मुले त्या काळात काय करतात?

२. आपण मदत म्हणून दिलेली कोणती वस्तू आज कुलपात पडून आहे? ती देण्याआधी आपण कोणाला विचारले होते?

३. आपल्यापैकी कोणाला मोबाइल दुरुस्ती येते, कोणाला स्पष्ट वाचता येते? धडे मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करण्यासाठी आठवड्याला एक तास कोण देईल?

४. जुना पण चालू मोबाइल देण्याआधी त्यातली आपली माहिती पुसली आहे का, बॅटरी टिकते का? जे आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते दुसऱ्याच्या मुलाला द्यावे का?