'द' लावण्याआधी

बाळा, आता रोज इंग्रजीत मेल लिहायचे आहेत, तर 'द'चं एकदा नीट समजून घे. शाळेत नियमांची यादी घोकून घेतात, पण ऐन वेळी ती आठवत नाही. त्यापेक्षा लिहिताना एकच विचार की, कुठल्या वस्तूबद्दल चाललंय हे समोरच्याला कळलंय का? कळलं असेल तर 'द'. तुला माहीत असून भागत नाही, त्यालाही माहीत हवं. ज्या साहेबांना फायलीचा पत्ताच नाही, त्यांना 'आय हॅव सेंट द फाइल' लिहिलंस तर ते 'कुठली?' म्हणून उलट विचारणारच. पहिल्यांदा 'अ फाइल', मग खुशाल 'द फाइल'.

हा फरक तुझ्या कानाला लहानपणापासून ठाऊक आहे. 'काकू मुलगा शोधतायत' म्हटलं की घरात लग्नाचं बघतायत. 'काकू मुलाला शोधतायत' म्हटलं की पोरगं कुठंतरी उंडारतंय. त्या 'ला'नं जसा ठरलेला एक मुलगा दाखवला, तसंच इथे 'द' दाखवतो. त्यामुळे मराठी माणसाला हे जमत नाही, असं कुणी म्हटलं तर मुळीच ऐकू नकोस.

एकूणातच चहा आवडत असेल तर 'आय लाइक टी', तिथे 'द' नको. समोरच्या कपातल्या चहाबद्दल बोलायचं तर 'द टी इज कोल्ड'.

नावांचं मात्र पाठच करावं लागतं. नद्या, समुद्र, डोंगररांगा यांना 'द' लागतो. द गोदावरी, द हिमालयाज. एकट्या माउंट एव्हरेस्टला लागत नाही. देशांना आणि शहरांनाही सहसा नाही, पण द नेदरलँड्स, द फिलिपीन्स आणि द हेग लक्षात ठेव. युक्रेनबाबत जप. पूर्वी त्याला सर्रास 'द' लावत. १९९१ साली तो स्वतंत्र झाला, तेव्हापासून तिथल्या लोकांना तो 'द' खटकतो, कारण त्यामुळे आपला देश दुसऱ्या कुणाचा तरी प्रांत असल्यासारखा वाटतो.

बोलताना 'द' म्हणायचं की 'दि', हे ठरवायला पुढच्या शब्दाचा उच्चार स्वरानं सुरू होतो का ते बघ, स्पेलिंग नको. 'दि अवर', पण 'द युनिव्हर्सिटी'.

आणि रोज इंग्रजी पेपरातली एक बातमी घेऊन प्रत्येक 'द'खाली रेघ मार, तो तिथे का आला ते स्वतःला सांग. मथळे सोडून दे. जागा वाचवायला तिथे 'द' गाळतात.