राजहंसांतील कृमी व जंतुनाशकांची मर्यादा

ग्रामीण भागातील औषधालयात माणसांबरोबर पशुपक्ष्यांसाठीही सल्ला मागितला जातो. राजहंसांची पिल्ले कृमींनी दगावू लागली की पाळणारा बहुधा फिनाईल किंवा ब्लीचिंग पावडर मागतो. हा उपाय कितपत उपयुक्त, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेची तीन अंगे सांगितली आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. पक्षिगृहाची शुद्धी ही तिसऱ्या अंगात मोडते. जंतुनाशक हे कृमिघ्न औषध नव्हे, हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

कृमीचा जीवनक्रम

राजहंसांच्या पिल्लांना विशेष घातक कृमी म्हणजे अ‍ॅमिडोस्टोमम अँसेरिस. पेषणी म्हणजे पक्ष्याचे अन्न दळणारे जठर. तिच्या आतील कठीण अस्तराखाली हा तांबूस, केसासारखा बारीक कृमी राहतो. त्यामुळे अस्तर काळवंडते व सुटते, रक्तस्राव होतो. पिल्लू खाणे सोडते, पांडुर व क्षीण होऊन मरते. कृमीची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतील अंडे लगेच बाधा करीत नाही. ओलावा व उष्णता मिळाल्यास सुमारे आठवडाभरात त्यातील अळी बाधाक्षम होते व चाऱ्याबरोबर पोटात जाते. रोखण्याची संधी या मधल्या काळातच असते.

जंतुनाशक कोठे अपुरे पडते

जिवाणूंना मारणारे द्रव्य कृमींच्या अंड्यांना मारीलच असे नाही. गोलकृमींच्या अंड्यांचे कवच इतके चिवट असते की प्रयोगशाळेत ती पातळ फॉर्मॅलिनमध्ये जिवंत ठेवून वाढविली जातात. क्लोरीनयुक्त द्रावणाने अंड्याचे बाह्य आवरण विरघळते, पण आतील गर्भ जिवंत राहू शकतो. शिवाय विष्ठेच्या संपर्काने क्लोरीनची शक्ती क्षीण होते. म्हणून न धुतलेल्या जमिनीवर पावडर शिंपडणे हे केवळ समाधान होय.

पट्टकृमींची गोष्ट आणखी निराळी. राजहंसांतील काही पट्टकृमी पाण्यातील सायक्लॉप्समधून पसरतात. नारूचा वाहकही सायक्लॉप्सच. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली आढळला व २००० साली देश नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशात पाणी गाळून पिणे व जलस्रोतांचे रक्षण यांचा वाटा मोठा होता. येथेही खुराड्याची फरशी कितीही पुसली तरी डबक्यातील संसर्ग थांबत नाही.

करावयाचे उपाय

१. ओली विष्ठा व भुसा रोज उचलून दूर ढिगात कुजवावा. ढिगातील उष्णता अंडी नष्ट करण्यास साहाय्य करते.

२. फरशी व भांडी घासून धुवावीत, त्यांवर उकळते पाणी ओतावे व कडक उन्हात पूर्ण वाळू द्यावीत. उष्णता व शुष्कता हेच अंड्या-अळ्यांचे खरे शत्रू.

३. जिवाणूंसाठी जंतुनाशक वापरावयाचे असल्यास ते या स्वच्छतेनंतर वापरावे. जागा सुकून वास जाईपर्यंत पक्षी आत घेऊ नयेत.

४. पिल्ले प्रौढ पक्ष्यांपासून वेगळी, शक्यतो नव्या कोरड्या जागेवर वाढवावीत. डबक्यावर सोडू नयेत.

५. विष्ठेची तपासणी करून पशुवैद्यकाकडून फेनबेंडॅझोलसारखे औषध, त्याची मात्रा आणि अंडी-मांस वर्ज्य करण्याचा काळ ठरवून घ्यावा. हे अपकर्षण होय. ते टाळून केवळ शुद्धीवर विसंबू नये.

औषधविक्रेत्यांस सूचना

जंतुनाशक पक्ष्यांच्या पिण्याच्या पाण्यात ‘कृमीवर’ म्हणून कधीही देऊ नये. ते विष ठरू शकते. ब्लीचिंग पावडर आम्लयुक्त द्रावणात मिसळल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो, हेही ग्राहकास सांगावे. विडंगादी कृमिघ्न द्रव्यांची मानवी मात्रा वजनाच्या हिशेबाने पक्ष्यांस लावणे शास्त्रसंमत नाही.

फिनाईलची बाटली देताना फावडे, उकळते पाणी आणि ऊन यांची आठवण करून देणे, हीच आमच्या मते येथे वैद्याची खरी सेवा आहे.